माणिकचा ग्राफ चढतोय

६ जानेवारी
लेखकमित्रांनो! (रोजनिशीतही मला समोर सभा लागते, इलाज नाही.) आपली तक्रार एकच: मालिका आपण लिहायची, पडद्यावर नाव मात्र दुसऱ्याचं. तरीही आज अंधेरीला एका मालिकेच्या लेखकांत रुजू झाले आणि खूश आहे. रेवतीनं शब्द टाकला होता. कॉलेजात ती गायची, मी वादविवाद गाजवायचे, तेव्हापासूनची मैत्रीण. मला बघताच ओरडली, की आली बघा रे आमची भाषणबाज, आता माईक लपवा!

मुख्य लेखक श्यामकांत सर मवाळ माणूस. चहाबरोबर सगळ्यांना स्वतः खारी वाढतात. लेखकांच्या खोलीत एक अख्खी भिंत माणिकची, म्हणजे आमच्या नायिकेची. तिला काय हवं, कशाची भीती वाटते, कुठला समज चुकीचा आहे, तो कधी मोडणार, सगळं तिथे. वर लाल दोऱ्याचा ग्राफ. मी इतकी वर्षं व्यासपीठावरून हेच तर ओरडतेय. आपल्या मालिकेतली बाई पहिल्या भागात रडते, पाचशेव्यातही तशीच रडते. ती वाढत का नाही? इथे वाढते!

९ जानेवारी
खोलीची एक रीत आहे. माणिक बदलायची असेल, तर तो बदल कुणीतरी स्वतःच्या आयुष्यातून द्यायचा. रचलेला चालत नाही. मला पटलं. पात्र खऱ्यावरच पोसलं पाहिजे, असं सांगत मीही टाळ्या घेतल्यात.

माणिक घुमी आहे, तिला आता बोलकी करायचीय. रेवती म्हणाली, मृणाल, तुझं ते कुकरचं सांग ना गं. सांगितलं. लहानपणी मी भयंकर अडखळायचे. बाबा मला ओट्याजवळ स्टुलावर उभं करून पेपर वाचायला लावायचे. कुकरची शिट्टी व्हायच्या आत बातमी संपवायची. पहिल्यांदा जमलं, तेव्हा त्यांनी मला खांद्यावर घेऊन सोसायटीभर मिरवलं. सरांनी स्वतःच्या हातानं दोरा वर चढवला.

१७ जानेवारी
काल तो भाग दाखवला. मुलुंडला घरी गेले तर आई डोळे पुसत होती. माणिकचे बाबा किती गुणाचे, म्हणाली. मी हसून म्हटलं, अगं, ते आपलेच बाबा! आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, काहीतरीच काय! त्यांना कुठे होता असला वेळ? तुझ्यासाठी असं कुणी केलं असतं, तर तू आज अशी अडखळली असतीस का, बाळा?

पण मी अडखळत नाही.

२४ जानेवारी
घाटकोपरच्या वाचनालयात व्याख्यान होतं. विषय माझा, सभा माझी. 'बंधूंनो'मधला ब सुटेना. पुढच्या रांगेतला माणूस माझी दया येऊन खाली बघू लागला. कार्यवाह नंतर पाठीवर हात ठेवून म्हणाले, की तुम्हाला पहिल्यापासून हा त्रास, तरी हौसेनं उभ्या राहिलात, कौतुक आहे.

पहिल्यापासून!

संध्याकाळी टीव्हीवर माणिक भाषण करत होती. थांबण्याच्या जागा माझ्या. हात उंचावण्याची ढबही माझी.

२८ जानेवारी
सरांना कसंबसं म्हटलं, माझं मला परत द्या. त्यांनी खारी पुढे केली. माणिकला आता ते लागतं, म्हणाले. ग्राफ चढतोय.

बाहेर रेवती गुणगुणत होती. इथे आल्यापासून तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. भिंतीकडे पाहिलं. पूर्वी माणिक गायची. आता 'गाते' खोडून 'भाषण करते' लिहिलंय. आणि रेवतीचा गळा परत आलाय.

म्हणजे कुकरचं सांग, हे तिनं —

विचारलं. तिनं मान खाली घातली नाही. म्हणाली, मला सुटायचं होतं यार. तू पण कुणाला तरी आण, सुटशील. त्यात काय एवढं?

त्यात काय एवढं.

३० जानेवारी
सर विचारतात, ओळखीत आहे का कुणी नवं. एक नाव जिभेवर आलं. पोरगी हुशार आहे, लगेच येईल — मला बोलता येत नाही याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

नाही आणणार.

१ फेब्रुवारी
आता लिहितानाही — अक्षर पुढे जात नाही. माणिक म्हणे रोजनिशी लिहू लागलीय. तिला हे कुणी दिलं? मी नाही. मी लिहिते हे फक्त रेवतीला —

२ फेब्रुवारी
मित्रांनो — ऐका — त्या खोलीत तुमच्याकडे खरं मागतील. गोड बोलतील, डोळ्यांत पाणी आणतील. देऊ नका. रचा. आपलं कामच ते — तोंडावर खोटं सांगा, खोटं र—