कुंपणाच्या अर्जातला एक रकाना

प्रिय धाकट्या,

तू कुबड्या सोडून काठीवर आलास, असं तुझ्या बायकोनं फोनवर सांगितलं. ऐकून जीव भांड्यात पडला. कोणी हात द्यायला आलं की तू खेकसत असणार. खेकस, पण चालणं सोडू नकोस.

आमच्या विमानतळावर प्रवाशांसाठीचा नवा हॉल गेल्या आठवड्यात सुरू झाला. सरकारी अनुदानातून झाला आणि अर्ज मी केलेला, म्हणून साहेबांनी मला फीत कापायला पुढे केलं. टाळ्या वाजत होत्या आणि मला काचेतून धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसत होतं. रानडुकराला चुकवताना तुझं विमान तिथेच चरात गेलं. तिथे अजून कुंपण नाही.

पहारेकरी काका तेव्हापासून निलंबित आहेत. विमान उतरायच्या आधी जीपमधून फेरी मारून जनावरं हाकलायची, हे त्यांचं काम. त्या दिवशी त्यांनी फेरी मारलीच नाही, असा ठपका आहे. तूही जबाबात तसंच सांगितलंस. ते म्हणतात, "फेरी मारली होती. पण मी या टोकाला असलो की डुकरं त्या टोकानं शिरतात, एकटा माणूस कुठे कुठे पुरणार?" कोणी त्यांचं ऐकून घेत नाही. परवा शेवटची सुनावणी आहे. बावीस वर्षांची नोकरी जाईल.

माझ्या कामाचा विषय निघाला की तू जांभया द्यायचास, आज मात्र वाच. आम्ही दरवर्षी कामांची यादी वर पाठवतो. प्रत्येक कामाला गुण मिळतात, त्यावर अनुदान ठरतं, आणि एका कामाचा पैसा दुसऱ्याला लावता येत नाही. दोन वर्षांपूर्वी मी हॉलही मागितला आणि कुंपणही. कुंपणाच्या अर्जात एक रकाना होता, तीन वर्षांत धावपट्टीवर जनावरं किती वेळा आली. काकांनी दर वेळी मला चिठ्ठी लिहून दिली होती. अशा सतरा. प्रत्येकीच्या खाली एकच ओळ, एका जीपनं भागत नाही, कुंपण घाला.

साहेबांनी दडपण आणलं असतं तर त्यांच्या माथी मारून मोकळी झाले असते. पण त्यांनी साधं विचारलंही नाही. मलाच लाज वाटली. सतरा लिहिलं तर वरचे लोक आपल्या विमानतळाला नावं ठेवतील, कदाचित उड्डाणंच थांबवतील, आणि तुझी तर इथे नुकतीच नेमणूक झाली होती. मी दोन लिहिलं. दोनासाठी कोण कुंपण देतं? हॉल मंजूर झाला.

चिठ्ठ्या माझ्याच कपाटात आहेत, काकांकडे नक्कलसुद्धा नाही. परवा त्या घेऊन मी समितीपुढे उभी राहणार आहे. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पण तुला हे बाहेरून कळू नये, म्हणून लिहिते आहे. आठ महिने तुझ्या उशाशी बसले. तू काकांना शिव्या घालायचास आणि मी मान डोलवायचे. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तुझं उडणं माझ्यामुळे गेलं, धाकट्या. हे वाचून झालं की आधी काकांना फोन कर. मला नंतर केलास तरी चालेल, नाही केलास तरी मी समजेन.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
ताई