तीन फटफट्या आन जांभळीची डहाळी

व्हय आबा, बसले की. नातीच्या फटफटीवर, भर बाजारातनं, दोन्हीकडं पाय टाकून. तुमी आसता तर पयलं हेच इचारलं आसतं, "घट धरलंवतंस न्हवं?" धरलं हुतं. सूनबाई दारातनं वरडत हुती, "आवं आत्या, ह्या वयात!" मी म्हणलं, "ह्या वयात न्हाई तर कवा? पुढल्या खेपंला चौघंजण खांद्यावरनं न्ह्यायचं हाईत, तवा बसून जाता यायचं न्हाई." पर गाडी गल्लीबाहेर पडली आन मला त्यो दिवस आठवला, तुमच्या पाठीला चिकटून बसल्याला. म्हणून वहीची पानं फाडून बसलीया.

लढाई सपली, तुमी ब्रम्हदेशातनं आलासा, आन वरसाच्या आत लष्करानं मोडीत काढल्याली फटफटी घिऊन दारात हुबं. तुमच्याबरूबर लढाईला गेल्यालं दोघं दोस्त, मिशाळकाका आन सांगलीकडचं जैनकाका, त्यांनी बी तसल्याच आणल्या. तिन्ही गाड्या एकदम गावात शिरल्या की कोंबड्या आन म्हाताऱ्या दोन्ही बी उकिरड्यावर चढायच्या. आई तर लय चिडली. "बैल आणायचा सोडून हे काय आणलं? शेण बी टाकंना!"

त्याच सालात मामानं माझं स्थळ आणलं. मी बारा वरसाची, चौथी पास झाल्याली. शिराळ्याच्या म्होरं, जंगलाच्या कडंचं गाव. जमीन, म्हशी, पोरगं धडधाकट. बायकांनी घरात बसूनच लगीन उरकलं म्हणायचं. मला सातवीपतूर शाळंला जायचं हुतं, पर ते इचारतंय कोण? तुमी बी इचारलं न्हाई. पर तुमी एक केलं, जे त्या काळात कुणाचा बाप करत न्हवता. म्हणालासा, "नांदायचं हिनं हाय, तर घर हिनं बी बघाय पायजे." आजीनं कपाळ बडवून घेतलं. "पोरगी न्हवऱ्याचं घर बघाय जाती? काय आक्रीत म्हणायचं हे!" तुमी शांत म्हणालासा, "आये, बैल बी नव्या गोठ्यात शिरायच्या आदी वास घितो." आन मला तुमचा जुना कोट घालून, डोक्याला मफलर गुंडाळून पाठीमागं बसवलं. मामा जैनकाकांच्या पाठीमागं बसला. त्याच्या मांडीवर टॉवेलात बांधल्याला नारळ आन सुपारी. पसंत पडलं की तितंच सुपारी फोडायची, आसं ठरल्यालं.

शिराळं मागं पडलं आन रस्ता सपला. म्होरं नुसता जांभ्या दगडाचा खडक, गाडीवानांच्या चाकोऱ्या आन दोन्ही अंगाला झाडी. धुराळा इतका, की मागच्या गाड्या फर्लांगभर लांब ऱ्हायच्या. गाड्याच दिसंनात, मग वाट कळायची कशी? तर आपल्या गाडीवानांची रीत तुमी लावली. फाटा आला की जी वाट सोडायची तिच्या तोंडावर हिरवी डहाळी आडवी टाकायची, वर धोंडा ठेवायचा. मागच्यानं डहाळी बघितली की दुसरी वाट धरायची. ते काम माझं. तुमी मला बजावलं, "ध्यान दे पोरी. ब्रम्हदेशातल्या जंगलात माझ्या मागनं आल्यालं एक बी माणूस मी हरवू दिलं न्हाई." कसं म्हणालासा ते! छाती आशी पुढं, जशी काय सगळी लढाई तुमीच एकट्यानं म्होरं हुबं ऱ्हाऊन मारलीया.

पयल्या दोन फाट्यांना नीट टाकली. तिसऱ्याला तुमी डावी वाट धरून थांबलासा, तोंड म्होरं, गाडी फटफट करतीया. मी उतरले, जांभळीची डहाळी मोडली, आन आपल्याच वाटंवर टाकली. तितं निस्ता खडक, चाकाची खूण उमटत न्हवती, ते बी बघून घेतलं. धोंडा ठेवला आन शाण्यावानी तुमच्या मागं यिऊन बसले. मामा न्हाई आला, सुपारी न्हाई आली, तर लगीन कसलं ठरतंय? बारा वरसाच्या डोक्यात एवढंच आलं.

आपुन वढ्यापतूर पोचलो. पल्याड त्यांचं गाव, चुलींचा धूर दिसाय लागल्याला. न्हवऱ्याचा चुलता वढ्यावर आला. "चला पावणं, पोळ्या गार व्हायल्यात." तुमी मागं बघत हुबं. घटकाभर वाट बघितली. तो दुसऱ्यांदा म्हणाला, "येतील की मागनं." तुमी म्हणालासा, "माझी माणसं मागं हाईत. त्यांच्याबिगर मी म्होरं यायचा न्हाई." गाडी फिरवली. त्याचं तोंड मला अजून दिसतंय.

फाट्यावर डहाळी आपल्याच वाटंवर पडल्याली बघून तुमी उजवी वाट धरली. मंडळी त्या वाटंनं घळीत जाऊन पडल्याली. जैनकाकांची गाडी आडवी, मनगाट सुजून भोपळ्यावानी. मामाचा नारळ धोंड्यावर फुटल्याला. "दाजी, नारळ वाटंतच फुटला! ह्यो अपशकुन हाय, दाजी!" मिशाळकाका खाली बसून खोबरं खात हुतं. म्हणालं, "अपशकुन गोड हाय रं, घे जरा." दिवस कलला हुता. जैनकाका दिवस मावळल्यावर काय खात न्हाईत, म्हणून तुमी सगळ्याच्या आदी भाकरी सोडली आन तुमच्या हातानं त्यांना एक एक घास भरवला. मग माझ्याकडं बघितलं. मी खाली बसून नारळाच्या करवंट्या गोळा कराय लागले. तवर तुमीच बोललासा, "पोरीचं काय न्हाई. मीच तिला वाट नीट दावली नसंल."

वढ्यावरनं माघारी फिरलो म्हणून ती माणसं रुसली आन स्थळ मोडलं. मी सातवी झाले. सतराव्या वरसी लगीन झालं, ते बी मला इचारून. मालक लय चांगलं मिळालं, निस्ती सायकल धड चालवता येत न्हवती, पर ते आता जाऊंद्या. जैनकाकांचं मनगाट वाकडंच ऱ्हायलं, आन त्याच वाकड्या हातानं, मी दर वरसी पास झाले की, ते माझ्या हातावर पेढा ठेवायचं. तो पेढा मी कवाच खाल्ला न्हाई. आन तुमी? तुमी त्या दिसापासनं कवा म्होरं गाडी काढली न्हाई. सगळ्यांच्या मागं चालवायचासा. मिशाळकाका पारावर बसून चिडवायचं, "ब्रम्हदेशात जिकला, शिराळ्यात हरला!" तुमी हसायचासा. पर मी तुमची पाठ वळखत हुते, आबा. ती पयल्यासारखी ताठ न्हवती.

तुमी माझं घर मला दावाय न्हेलं. तुमी दोस्तांपायी वढ्यावरनं माघारी फिरलासा. माझ्या पोरींची लग्नं करताना ह्याच दोन गोष्टी मी गाठीला बांधल्या हुत्या. त्या तुमच्या, दुसऱ्या कुणाच्या न्हाईत. ह्यो कागूद पोष्टात टाकायचा न्हाई, हितंच उशाखाली ऱ्हाईल. म्हणून राहिल्यालं बी लिवते.

शेवटच्या दुखण्यात मी उशाला हुते. घरात दुसरं कुणी न्हवतं. तुमी डोळं झाकून म्हणालासा, "पोरी, तू तर नीटच टाकली आसशील. मग त्या दिवशी ती डहाळी कुणी हलवली आसंल गं? एवढं कळलं आसतं तर बरं झालं आसतं." मी म्हणलं, "गव्यानं हलवली आसंल, आबा." खरं बोलले आसते तर तुमी हसला आसता, मला ठावं हुतं. मागचं माणूस हरवलं ह्यो डाग बी तुमच्यावरनं गेला आसता. पर मला तुमची गुणाची पोरगी म्हणूनच ऱ्हायाचं हुतं. तुमचं नाव जाऊ दिलं, आन माझं राखलं.