हेरिटेज भिंतीवर कूलर नाही

१४ जानेवारी
अकोल्यातल्या जुन्या जिनिंग फॅक्टरीतल्या फ्लॅटमध्ये बायको-पोरीसह एकदाचे शिफ्ट झालो. कापसाचे ढीग पडायचे तिथे माझा सोफा! पौर्णिमा वर बघून म्हणे, येवढ्या उंच छताचे जाळे कोन काढन, तुमी? बायकोला हेरिटेज समजावावं लागेल. सवडीने.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर सोसायटीचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच नव्हतं, यालाच लोकप्रियता म्हणतात. पहिला ठराव माझाच: दगडी भिंतीवर, खिडकीत, गॅलरीत कूलर नाही, एसीचा डबाही नाही. टाळ्या पडल्या. हवा काय मस्त गार होती.

९ मार्च
पौर्णिमा म्हणाली, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलून आणा. ठरावाची आठवण दिली. तिने विचारलं, डोकं गहाण ठेवलं होतं काय? या जाड भिंतींतून ऊन आत येणारच नाही, बाई!

४ एप्रिल
आलं. आता ते ऊन बाहेर जाऊन नाही राहिलं.

१९ एप्रिल
मधला मार्ग काढला. कूलर हॉलच्या मधोमध. ठराव शाबूत! बाहेरची हवा नाही, म्हणून घरभर दमटपणा, अंग चिपचिप, आणि पौर्णिमाच्या वर्षभराच्या कुरड्या नरम पडल्या. तिने डबा माझ्या पुढ्यात आणून ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं.

२ मे, सकाळ
ती म्हणते, खिडकीत कूलर लावा, नाहीतर मी चालली माहेरी, अंजनगावले. अध्यक्षाचा शब्द आहे, मागे घेणार नाही. ती काय जाते!

२ मे, संध्याकाळ
गेली. पोरीलाही घेऊन.

६ मे
शेजारच्या धर्मेंद्रने खिडकीत कूलर लावला! डोक्यात तिडीक गेली. नोटीस घेऊन स्वतः त्याच्या घरी गेलो. कूलरसमोर बसवलं त्याने. जेवूनच आलो. निघताना म्हणे, अध्यक्षसाहेब, तुमचाही कूलर खिडकीत लागला की त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. नोटीस खिशातच राहिली.

११ मे
ठरावात किरकोळ सुधारणा करायला तातडीची मीटिंग बोलावली. मनाचा मोठेपणा म्हणून. एकही आला नाही, सगळे गावाला. जिनिंगच्या वेळेपासूनचे चौकीदार नत्थुजी म्हणाले, उन्हाळ्यात इथं मशीनबी बंद राहे, साहेब, तुमी काहून थांबले? हे जानेवारीत सांगायला काय झालं होतं?

१३ मे, अंजनगाव सुर्जी
सहज आलो. पौर्णिमाला समजावून उद्याच परत न्यायचं. सासऱ्यांच्या कूलरसमोर बसून मुद्दे काढतो आहे.

२४ मे, अंजनगाव
समजावणं चालू आहे. ती म्हणते, या घरात ठराव माह्ये बाबा करतात. त्यांचा पहिला ठराव झालाही: कूलरमध्ये पाणी जावयाने भरायचं. आताच ओसरीवरून त्यांची हाक आली. अध्यक्ष, टाकी रिकामी झाली!
बादली घेतो.