शांघायला बदलीवर मेव्हणी

बाई,

फ्रीजवर लावलेलं शांघायच्या सात दिवसांचं वेळापत्रक वाचलं आणि हातातला चहा तसाच निवून गेला. शाळेत करतेस तसंच केलंयस: रोज सहा तास, पहिल्या तासाला नदीकाठ, मधल्या सुट्टीत जेवण. ते ठीक. पण माझ्या नावापुढे सातही दिवस 'गैरहजर', आणि बदलीवर तुझी धाकटी बहीण! अगं, मला विचारलंसुद्धा नाहीस?

मग मात्र तिथेच स्टुलावर मटकन बसलो. आधीच्या तीनही सहली मीच बुडवल्या, दर वेळी साहेबांनी रजा नाकारली असं सांगून. आता खरं सांगतो, रजेचा अर्ज मी कधी दिलाच नव्हता. विमानाचं नाव काढलं की पाय लटपटतात माझे. आणि हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं?

आज सकाळीच अर्ज पाठवलाय, खरोखरचा. व्हिसाच्या फोटोसाठी स्टुडिओत चाललोय. दूध तापवून झाकून ठेवलंय. मेव्हणीबाईंना तूच समजाव, माझं त्या ऐकायच्या नाहीत. ती बदली तेवढी रद्द कर. आणि विमानात माझ्या शेजारीच बस. हात सोडलास तर मी आहे तिथे उतरेन.