पूर्वेकडचा पडीक कोपरा

मी, सिद्धलिंगप्पा गुरुपादप्पा बिरादार, वय शहात्तर, निवृत्त सरकारी नोकर, राहणार मुडबी, तालुका बसवकल्याण, जिल्हा बिदर, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करायचे ते राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. कोणाचा दबाव नाही; लिहिताना सूनबाई मंजुश्रीने चहा आणून दिला, तो दबाव धरू नये. आमच्याकडे कचेरीचे कागद कन्नडात होतात. हा मी मराठीत लिहितो, कारण माझा धाकटा भाऊ पंचाक्षरी मराठी शाळेत शिकला आहे आणि त्याला हा नीट वाचता यावा.

१. माझी सारी नोकरी सिकंदराबादेकडच्या एका लष्करी डेपोत गेली. फौजेने बाद केलेल्या मालाच्या विल्हेवाटीवर मी देखरेख करत असे. तंबू, बूट, जीपगाड्या, जनरेटर यांचे लॉट पाडायचे, त्यांवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचे, लिलाव पुकारायचा आणि घेणारा माल घेऊन फाटकाबाहेर जाईपर्यंत उन्हात उभे राहायचे. एकदा उचललेला लॉट परत घ्यायचा नाही, हा पहिला नियम. ती सवय हाडांत मुरली. घरातल्या वस्तूंवरही मी नंबर टाकले आहेत, ते याच कागदासाठी. पाहुणे हसतात, अशी मंजुश्रीची तक्रार आहे. त्यांना हसू द्यावे.

२. राहते घर आणि माझ्या वाट्याचे पश्चिमेचे शेत मुलगा शिवराज याला. मात्र मागची खोली मुलगी सुधारानी हिच्या माहेरपणाची. तिला कुलूप लागता कामा नये. बँकेतली शिल्लक दोघांनी सारखी घ्यावी.

३. नंबर चार, ताडपत्री, सुधारानीला. तिची आई रत्नम्मा हिने जन्मभर माझ्याकडे एकच वस्तू मागितली, मिलिटरीच्या तंबूचे कापड, मिरच्या वाळवायला. मी ते आणले नाही. देखरेख करणाऱ्याने किंवा त्याच्या नात्यातल्या कोणी डेपोतले काही घ्यायचे नाही, असा नियम होता. मी हुमनाबादच्या बाजारातून साधी ताडपत्री आणून दिली. रत्नम्माने ती गल्लीभर मिलिटरीची म्हणून मिरवली. मी एकदाही खोडून काढले नाही. सरकारची एवढी फसवणूक माझ्या नावावर आहे.

४. नंबर नऊ, थर्मास, शेजारी तिप्पण्णाला. तो त्याने आधीच नेला आहे, पण कागदोपत्री व्हावे म्हणून लिहितो. त्याच्यावर माझा राग होता, तो आता नाही. रागाचे कारण असे. शेत तेव्हा एकत्र होते आणि पंचाक्षरी ते कसत असे. विहिरीला पाणी होते आणि तारेत वीज नव्हती. डेपोत एक जनरेटर लिलावाला निघाला. पंचाक्षरीने तिप्पण्णाच्या नावाने बोली लावली आणि ती सर्वांत वरची ठरली. मी मंडपातच ती रद्द केली. सगळे कबाडी बघत होते. फाटकाशी पंचाक्षरीने मला गाठले.

"अण्णा, हितं दुनियेला माल मिळायलाय. भाऊ हाय म्हणून मलाच न्हाई व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. "भाऊ हाईस म्हणूनच."

त्या उन्हाळ्यात त्याने लावलेली पेरूची बाग जळाली. रद्द केले ते बरोबरच केले, आजही तेच करीन. पण बाग जळाली याचे मला फार वाईट वाटले आणि ते मी त्याला कधी सांगितले नाही. इथे सांगतो.

५. पुढे वर्षभरात वाटणी झाली. मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, ही आमच्याकडची रीत. वाटे पाडण्यात माझा हात कोण धरणार? माती, पाणी, बांध, झाडे, सगळे तोलून मी दोन लॉट केले. पूर्वेच्या कोपऱ्यात काही पिकत नव्हते म्हणून तो पडीक धरला आणि त्याच्या बदल्यात विहीर पूर्वेच्या वाट्यात टाकली. पंचाक्षरीने विहिरीकडचा वाटा उचलला. त्याने उचलल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की त्या पडीक कोपऱ्यात आमच्या वडिलांची, अप्पांची, समाधी आहे आणि रत्नम्माची. तिथे पिकणार तरी काय होते? पंच सह्या करत होते. उचललेला लॉट परत मागायला माझी जीभ उचलली नाही.

तेव्हापासून मी तो बांध ओलांडलेला नाही. रस्त्यावर उभा राहून हात जोडतो. तूर वाढली की रत्नम्माच्या समाधीचा कट्टाही दिसत नाही.

६. आमच्यात माणसाला बसवून, हातात लिंग देऊन समाधी देतात. मला रत्नम्माच्या शेजारी बसायचे आहे. ही एवढीच माझी इच्छा, पण ती जागा माझी नाही, म्हणून मृत्युपत्रात ती मला लिहिता येत नाही. फक्त मागता येते. कोर्टातून हक्क निघेल, असे वकीलसाहेब म्हणाले. शिवराजने कोर्टात जाऊ नये. काकाकडे जावे, हात जोडावेत. तो नाही म्हणाला तर मला सरकारी रुद्रभूमीत, म्हणजे गावच्या स्मशानात, न्यावे आणि काकाला तेराव्याचे आमंत्रण तरीही द्यावे.

७. पंचाक्षरीला मी काहीही ठेवत नाही. ठेवले असते तर ती त्या जागेवरची बोली झाली असती. शिवाय साक्षीदार वाटेकरी नसावा, असे वकीलसाहेब सांगतात. माझा दुसरा साक्षीदार त्याने व्हावे, असा निरोप त्याची बायको मल्लेश्वरी हिच्याकडून धाडला आहे. तो आला नाही तर वकिलांचे कारकून अमरेश सही करतील. ते सकाळपासून पेन उघडून बसले आहेत.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करून पुरे केले.

स्थळ: मुडबी
तारीख: ९ जानेवारी २०२५

सही: सिद्धलिंगप्पा गुरुपादप्पा बिरादार

साक्षीदार पहिला: रामकिशन माणिकराव जाधव, निवृत्त शिक्षक, राहणार मुडबी

साक्षीदार दुसरा: पंचाक्षरी गुरुपादप्पा बिरादार, राहणार मुडबी

(दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीखाली, त्याच्याच अक्षरात)

अण्णा, वैनीनं मला डबा बांधून शाळेला धाडलं. तिच्या बाजूला एका माणसाची जागा सोडूनच मी तूर पेरायलोय, पैल्यापासून. तुमी बांध वलांडून कवा आलाच न्हाईत, मग दिसंल कशी? जागा कुटं जात न्हाई. घाई करू नगा. आज मल्लेश्वरी गव्हाची गोड हुग्गी करायलीय. जेवायला चला.