तिसऱ्या तारेची झर्र

सोम. ९ फेब्रु.
दिघ्याला दत्तूकडे तालीम. ताईच्या मुलाची, रोहनची, हळद २१ला, शनिवारी. मी स्टील गिटार, दत्तू की-बोर्ड. मधेच थांबला. "दादा, तुमच्या गिटारीत कायतरी झर्र करतंय. तिसरी तार." वाजवून बघितली. काही नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून त्याने माझ्या कानाला लावलं. "आलं ना?" हो हो, म्हणालो.
आलं नव्हतं. चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली आणि आज एका की-बोर्डवाल्यापुढे खोटं बोललो.

मंगळ. १०
दत्तू लातूरला सासुरवाडीला गेला, परत थेट हळदीला. बरंच झालं.
गिटार उलटी करून बसलो. मला शिकवणारे पिंटो सर गेले तेव्हा त्यांच्या मिसेसनी दिलेली. टेबलासारखी पायांवर उभी, दहा तारा, तीन पेडल, गुडघ्यांनी ढकलायच्या चार कळा, पोटात सळ्यांचं जाळं. झर्र करायला जागा भरपूर. आधी वेगळं काढायचं: बिघाड अ‍ॅम्पमध्ये की अंगात. अ‍ॅम्प बंद. सुनंदाला हाक मारली.
"येतंय का?"
"येतंय."
"कसा?"
"डब्यात माशी अडकल्यासारका. जाऊ का? तव्यावर मासली हाय माजी."
म्हणजे अ‍ॅम्प सुटला. अंगातच आहे. बायकोला ऐकू येतं, दत्तूला येतं. राहिलो मी.

बुध. ११
नवी तार लावली. सु. म्हणते, येतंय. तार टेकते ती पुली साफ केली. येतंय.
चिडलो. "नीट ऐक जरा." ती म्हणाली, "मी नीटच आयकतंय." आणि आत निघून गेली.
रिटायर होताना कंपनीच्या डॉक्टरने कानाचा कागद दिला होता. त्यावरची रेघ उजवीकडे घसरत खाली गेलेली. बारीक आवाज गेलेत, मशीन लावून घ्या, म्हणाला. कागद विजेच्या बिलांखाली ठेवला. तीन वर्षं झाली. घरात कुणाला सांगितलेलं नाही. बोलणं तर कळतं. टीव्ही थोडा मोठा लागतो, एवढंच.

शुक्र. १३
ताईचा फोन. आईचा धवला तूच वाजवायचास, मधे कुणी गायचं नाही. आमची आई धवलारीण, लग्नविधींची गाणी, धवले, गाणारी. नेरूळमधली निम्मी लग्नं तिच्या गळ्यावर लागली. तिचा सूर एका जागेवरून दुसरीकडे जाताना मधे तुटायचा नाही, घसरत जायचा. ते फक्त स्टीलवरच येतं. म्हणून तर ही गिटार शिकलो. आणि नेमकी ती घसरण तिसऱ्या तारेवरच येते.
चारशे माणसं. सगळ्यांनी आईला ऐकलेलं. तिच्या सुरात माशी भणभणली तर मी परत गिटारीला हात लावणार नाही. सु.लाही तसं सांगितलं. नुसतं म्हणत नाही, खरंच.
सु.ने तोडगा काढला. "मी तुमच्या समोर बसतंय. झर्र झाला का मी पदर डोक्यावर घेन. तुमी दुसरी तार धरा." हसलो. पण बरं वाटलं. ती माझा कान झाली तर काय बिघडलं?

रवि. १५
शिवरात्र. दोघांनाही उपास. साबुदाणा खाऊन परत कामाला. आता खोली तपासली. शोकेसची काच सु.ने तळव्यांनी दाबून धरली, पंखा बंद, देव्हाऱ्यातली घंटासुद्धा काढून ठेवली. येतंयच.
मग डोकं फिरलं. दिसेल तो स्क्रू आवळला. पाय, पेडल, कळा, सगळं. फिटरचा हात, दुसरं सुचत नाही. पेडल जाम झालं, सगळा सूर वर सरकला. पुन्हा एकेक ढिलं करत बसलो. पाठ गेली.

सोम. १६
सापडला!
कंपनीतली युक्ती आधी का नाही आठवली? बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक, मूठ कानामागच्या हाडावर. गिटारीच्या पायापासून सुरुवात केली. डाव्या हाताने तार छेडायची, उजव्याने टोक सरकवायचं. डाव्या कळीमागच्या स्क्रूवर टोक ठेवलं आणि आली. झर्र. हाडातून, बारीक, पण आली. एक आठवडा जिच्या मागे धावलो ती. डोळ्यांत पाणी आलं, मूर्खासारखं.
दोन आटे आवळला. टोक ठेवलं. बंद.
सु. बाजारात होती. तिची वाट बघत दारात उभा राहिलो. आली तशी तार छेडून दाखवली.
ती म्हणाली, "गेला. साफ हाय."

मंगळ. १७
वीजबिल काढायला ड्रॉवर उघडला. कानाचा कागद सगळ्यात वर. घडी उलटी.
तिने वाचलाय. कधी, माहीत नाही. विचारलं नाही. पण आता लक्षात येतंय, दोन-तीन दिवस ती स्वयंपाकघरातून ओरडत नाही. बाहेर येते, समोर उभी राहते, मग बोलते. चहाला या म्हणायलासुद्धा.
मला वाटलं होतं ती माझ्यावर रुसलीये.

गुरु. १९
शिवजयंती. सकाळपासून रस्त्यावर ढोल, गुलाल. तालीम करता आली नाही. दिवसभर एकच डोक्यात.
आमचे जुने सुपरवायझर म्हणायचे, बिघाड गेला म्हणून खूश होऊ नका. मुद्दाम परत आणून दाखवा, मगच तो तुम्हाला सापडला. मी स्क्रूचा बिघाड काढला. सु.चं "साफ हाय" कुठे तपासलंय? सोमवारी ती पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलली होती. पहिल्या सुरावर.

शुक्र. २०
दुपारी ती भांडी घासत होती तेव्हा तो स्क्रू दोन आटे ढिला केला. स्क्रूड्रायव्हर लावून खात्री केली. झर्र आहे. सोमवारपेक्षा जास्तच.
"उद्याची तालीम करू," म्हणालो. "तू समोर बस. पदराचं ठरलंय तसं."
हात पुसत आली. बसली. आईचा धवला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला, घसरणीवर मुद्दाम रेंगाळलो. मला तार स्वच्छ ऐकू येत होती. मी तारेकडे बघतच नव्हतो.
पहिल्या घसरणीला तिचा हात पदराकडे गेला. तिथे थांबला. मग परत गुडघ्यावर आला. नंतर शेवटपर्यंत हलला नाही.
"साफ वाजला," ती म्हणाली. माझ्यासमोर येऊन, सावकाश. "आईंची आठवन आली."
मी म्हणालो, हो, छान झाला.
दत्तूला मीही हो हो म्हणालोच होतो. राग येतोय. तिचा नाही. कुणाचा ते कळत नाही.
स्क्रू आवळून टाकला. मला त्यात काही सापडत नाही, स्क्रूड्रायव्हरनेही. पण उद्या मांडवात गिटार टेम्पोतून हादरे खात जाणार. चारशे माणसांसमोर कानामागे स्क्रूड्रायव्हर लावून वाजवता येत नाही. आणि समोर ती बसणार. माशी असली काय, नसली काय, पदर खांद्यावरच राहणार.
उद्या पाचला टेम्पो आहे. तिने साडी काढून ठेवलीये, हिरवी. विचारत होती, ही चालेल ना.