फेब्रुवारीचा अंक

जिंतूर,
मंगळवार, २० ऑगस्ट १९९१

श्री. बन्सीधर सर यांना,

सुमंगलाचा नमस्कार. कावेरीवहिनींना आणि घरच्या थोरामोठ्यांनाही माझा नमस्कार सांगा. आम्ही इकडे बरे आहोत म्हणायचं. वडिलांचे गुडघे धरलेत, तरी सकाळी पेपर आणायला स्वतःच जातात आणि येताना सगळ्या गल्लीला बातम्या वाचून दाखवतात. ऐकत तर कुणाचंच नाहीत.

राखी पाकिटात आहे. मागची दोन वर्षं तुमचं उत्तर आलं नाही, तरी पाठवते. खरं तर पत्र गेल्या आठवड्यातच टाकायचं होतं, पण नामांतराच्या बंदमुळे एसटी दोन दिवस जागेवरच होती. बंद नसता तरी मी टाकलं असतं का, हे मात्र विचारू नका.

माझं एम.फिल. एकदाचं संपत आलं. विषय तुम्हीच सुचवलेला. इलेक्ट्रॉनिक पदार्थांवरचं संशोधन १९७८ पासून बारा वर्षांत कुठं झालं, किती झालं, कशावर झालं आणि कुठं छापून आलं. मी घाबरले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, ताई, तुम्हाला पदार्थ कळायची गरज नाही, मोजता आलं की पुरे. तेच करायलेय. ग्रंथालयात सारांशांचे जाड खंड उघडून बसते, एका निबंधाची एक चिठ्ठी करते आणि चिठ्ठ्या चपलांच्या खोक्यात टाकते. बारा वर्षांची बारा खोकी झालीत. आपला शिपाई आश्रुबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, बाईंनी चपलांचं दुकान काढलंय.

मजा काय आहे माहितीय का? शहाऐंशीपर्यंत सगळं रांगेत चाललेलं. सिलिकॉन सगळ्यात जास्त, आणि तुमचे ते काचेवरचे पिवळे थर, कॅडमियम सल्फाइडचे, दरवर्षी थोडेथोडे वाढत चाललेले. सत्त्याऐंशीला खोकं पुरेना. विजेला जराही न अडवणारे अतिसंवाहक आले! जगातल्या निम्म्या लोकांनी हातातलं काम टाकलं आणि एकच काळी गोळी भाजायला बसले. तुमच्या पिवळ्या थरांच्या चिठ्ठ्या तिथून कमी होत गेल्या. तुम्ही मात्र त्याच प्रयोगशाळेत, त्याच स्टोव्हवर, चंचुपात्रात काचा बुडवत राहिलात. लोक हसायचे. मीही एकदा हसले होते.

आणखी एक सापडलं. एकच निष्कर्ष सात ठिकाणांहून चार महिन्यांत छापलेला. जपान, ब्राझील, पोलंड, कुठून कुठून. कुणी कुणाचं पाहिलेलं नाही. कुणी कुणाला चोर म्हटलेलं नाही. कारण प्रत्येक निबंधाच्या डोक्यावर तो संपादकाकडे कधी पोचला ती तारीख छापतात, आणि त्या तारखेवर सगळ्यांचा भरवसा असतो. असे प्रकार मी एकोणतीस मोजले. आपल्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजातून आलेले निबंध बारा वर्षांत तीन. तुमचा चौथा झाला असता.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून दोनदा पाणी प्यायले. सर, मला हे लिहायचं नव्हतं.

मागच्या रविवारी बसस्टँडवर कावेरीवहिनी भेटल्या, वालूरच्या गाडीला उभ्या होत्या. मी तोंड चुकवणार होते, त्यांनीच हाक मारली. तुमचं विचारलं तर म्हणाल्या, "ताई, आता ते म्हणायलेत, मीच पाहिला असंन तो अंक कुठंतरी अन् ध्यानात राहिलं न्हाई." गाडी आली, त्या चढल्या. मी तिथंच उभी राहिले. भाजीची पिशवी बाकावर राहिली ते घरी आल्यावर कळलं.

म्हणून लिहिते. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी क्रमानं लिहिते, कारण मधला एक तुकडा तुम्हाला माहीत नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये, मृग लागला त्या आठवड्यात, तुम्ही निबंध पाठवलात. नोव्हेंबरात तो परत आला. संपादकानं लिहिलं होतं की हेच काम बल्गेरियाच्या लोकांनी फेब्रुवारीच्या अंकात छापलंय, तुमचा तक्ताही जवळपास तोच आहे. त्याची प्रत प्राचार्यांकडे आली. चौकशी बसली. तुम्ही समितीला सांगितलंत, फेब्रुवारीचा अंक मी पाहिलाच नव्हता, ताईंना विचारा.

त्यांनी मला बोलावलं. मी अंक घेऊन आले. आतल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का होता, १२ फेब्रुवारी १९८८. समितीतल्या थोरल्या गृहस्थांनी तो सगळ्यांना दाखवला आणि मला विचारलं, "बाई, हा शिक्का तुमच्याच हातचा ना?"

मी म्हटलं, "हो."

पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात. मी टेबलावरच्या बशा पाहत होते. चोरीचा ठपका तुमच्यावर बसला.

आता तो तुकडा. परदेशी मासिकं जहाजानं येतात, सहा-सात महिन्यांनी, गठ्ठ्यानं. चौऱ्याऐंशी साली संलग्नीकरणाची समिती यायची होती, तेव्हा प्राचार्य मला म्हणाले, अंकावर जो महिना छापलाय त्याच महिन्याचा शिक्का मारत चला, मासिकं नियमित येतात असं दिसलं पाहिजे. मी शिक्क्याची चाकं मागं फिरवली. समितीनं माझ्या नोंदवहीचं कौतुक केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पुढं कुणी सांगायची गरजच राहिली नाही, हातालाच सवय लागली. तो फेब्रुवारीचा अंक आला सप्टेंबरात. तुमचा निबंध जाऊन तीन महिने झाले होते.

चौकशी झाली त्या संध्याकाळी आश्रुबा कुलूप लावताना म्हणाला, "बाई, ते गाठोडं पोळ्याच्या आदी आलतं की. म्याच आनलं सायकलीवर. लय जड हुतं." मी त्याला म्हटलं, तू गप बस. तो गप बसला. अजून गप आहे.

मला नोकरीत कायम करायचा कागद तेव्हा प्राचार्यांच्या टेबलावर होता. हे कारण आहे, खुलासा नाही.

यंदा मे महिन्यात चिठ्ठ्या लावत होते. तुम्हाला आठवत असेल, मी चिठ्ठ्या विकतच्या कार्डांच्या करत नाही. मासिकांवरचं ते जाड खाकी वेष्टन फेकवत नाही, त्याचेच तुकडे कापते. एक चिठ्ठी उलटी पडली. मागं फेब्रुवारीच्या त्या अंकाच्या मासिकाचं नाव, आपल्या कॉलेजचा पत्ता आणि जिंतूर पोस्टाचा शिक्का. ६ सप्टेंबर. सालावरून माझी कात्री गेलेली. तीन रविवार बाराही खोकी उपसली. एकेक चिठ्ठी उलटून पाहिली. दुसरा तुकडा नाही.

तरी जूनमध्ये ती चिठ्ठी घेऊन प्राचार्यांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि विचारलं, "सप्टेंबर कोणत्या सालचा?" मी काय सांगणार? मी म्हटलं, मी लेखी देते. ते चिडले नाहीत, हेच वाईट. समजावल्यासारखं म्हणाले, एक शिक्का खोटा म्हणालात तर सात वर्षांचे सगळे खोटे ठरतील, मग हे कॉलेज राहील का, इथली साठ घरं कुठं जातील? मी उठले. नमस्कारसुद्धा केला.

तेव्हाच तुम्हाला लिहायला हवं होतं. तुमच्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपायला दीड महिना उरला होता. काही झालं असतं की नाही, देव जाणे. पण मी रोज कॅलेंडर पाहायचे आणि लिहायचे नाही. ३१ जुलैला मुदत संपली आणि मला लिहावंसं वाटायला लागलं. याला धीर म्हणू नका, मीही म्हणत नाही. आता या पत्रानं माझं फार बिघडणार नाही आणि तुमचं काही सुधारणार नाही, हे कळल्यावर हात चालला.

चिठ्ठी सोबत पाठवते. अर्ध्या शिक्क्याचा उपयोग काय, मला कळत नाही. माझ्या प्रबंधात तुमचा निबंध मोजता येत नाही, न छापलेलं मोजायचं नाही असा नियम आहे. काल मी तरी एक चिठ्ठी केली. तुमचं नाव, निबंधाचं नाव, पोचल्याची तारीख जून १९८८. कोणत्याच खोक्यात बसेना. माझ्या टेबलाच्या खणात आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुमच्यावर आणखी एक काम मला टाकायचं नाही. राखी बांधू नये वाटलं तर बांधू नका. फक्त वहिनींना जे सांगत असता ते सांगणं थांबवा. सर, तुम्ही तो अंक पाहिला नव्हता. पाहणं शक्यच नव्हतं. तो तेव्हा समुद्रावर होता. तुमच्या ध्यानातून काही गेलेलं नाही. ते पिवळे थर तुमचे आहेत.

खाली ग्रंथालयाचा शिक्का मारते आहे. हे पत्र कुणाला दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा. तारखेची चाकं आज पुढं आणून नीट बसवली, आश्रुबाला समोर उभं करून. वर घातलेली तारीखही आजचीच आहे. विश्वास बसला नाही तर पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का ताडून पाहा.

तुमची ताई म्हणवून घ्यायला आता कचरणारी,
सुमंगला
ग्रंथपाल